कैफियत खिंडारातून गेलेल्या एकोणचाळिसांची

अखंडित-फाइल-अलंकृत, शिक्का-दौत-धुरंधर, राजमान्य राजश्री समस्त हेडक्लार्क, मुकाम सरकारी कॉलेजे, यांचे सेवेसी दंडवत. लिहिण्यास कारण जे, हल्ली कोणी म्हणतो राज्यात कॉलेजे उदंड जाहली, कोणी म्हणतो अजून पाहिजेत, आणि दोघेही चहा पिऊन आपापल्या घरी जातात; परंतु जे खासे रणांगणी उभे होते त्यांस कोणी पुसत नाही. सबब जैसे घडले तैसे लिहिले आहे. तिखटमीठ असेल ते चवीपुरते.

पूर्वी राज्यात विद्यापीठे दोन आणि कॉलेजे बोटांवर मोजावी इतकी होती. मग ज्यास त्यास वाटू लागले की शेजारच्या सुभ्यास कॉलेज आणि आम्ही काय घोडे मारले. आणि जो पुढारी निवडून येई तो आधी कॉलेजची कोनशिला बसवी, मग रस्ता करी, मग पाणी आणी, आणि पाणी बहुधा राहूनच जाई. ऐसे करता करता विद्यापीठे बावीस जाहली, कॉलेजे सातशेवर गेली, आणि कित्येक ठिकाणी शिपाई चार, प्राध्यापक तीन आणि विद्यार्थी दोन, त्यांतला एक आजारी, ऐशी अवस्था प्राप्त जाहली. तेव्हा राजधानीस थोर खलबत होऊन फर्मान सुटले जे, एका कोसात दोन सरकारी कॉलेजे असतील तेथे तपासणी करावी. आणि ज्या कॉलेजात चाळीस विद्यार्थी वर्गात हजर नसतील, अथवा ग्रंथालयात वाचनाचे मोठे टेबल नसेल, त्याची पाटी उतरवावी. उजर चालणार नाही.

या शहरात वरचे कॉलेज आणि खालचे कॉलेज ऐशी दोन संस्थाने, आणि मध्ये एक भिंत. भिंतीस बारा वर्षांमागे खिंडार पडले. ते कोणी बुजवावे याचा पत्रव्यवहार बारा वर्षे चालू होता, आणि फाइल इतकी जाड जाहली की तीच नेऊन खिंडारात ठेवली असती तर काम भागले असते. उघडपणे दोन्ही कॉलेजांचे हाडवैर. परंतु आतून खालच्या कॉलेजचे हेडक्लार्क तात्या आणि वरच्या कॉलेजचे हेडक्लार्क अण्णा यांचा रोज चार वाजता खिंडारात चहा होई, आणि जुना तह होता की तुमची तपासणी ती आमची तपासणी. वरच्यांपाशी विद्यार्थी होते, टेबल नव्हते. खालच्यांपाशी भले थोरले सागवानी टेबल होते, आणि दिवसाचे विद्यार्थी कागदावर नऊ, वर्गात एकही नाही. मग एकाचे उणे ते दुसऱ्याने भरावे, आणि तपासनीस गेला की ज्याचे त्यास पोचते करावे, ऐशी वहिवाट पडली होती.

तात्यांची शिस्त मोठी कडक. हजेरीपट ते आधी भरीत, माणसे मागाहून मोजीत, आणि माणसे कमी भरली तर दोष माणसांचा. टेबलाविषयी त्यांचा एक खास हुकूम होता: एकदा उचलाउचलीत वरच्यांची फुलदाणी हरवली आणि त्यावरून दोन वर्षे अबोला जाहला, म्हणून तेव्हापासून टेबल जैसे असेल तैसेच चादरीसकट उचलावे, वरचे काही काढू नये, खण उघडू नये. हा हुकूम पुढे कसा अंगाशी आला ते यथास्थळी येईल.

तपासणीचा खलिता आला तो एकाच दिवसाचा. वरच्या कॉलेजात दहा वाजता, खालच्या कॉलेजात बारा वाजता. प्राचार्यसाहेबांनी खलिता वाचून डोळे मिटले आणि तात्यांस फर्मावले जे, काय करायचे ते करा, आम्हांस सांगू नका. मग तात्या आणि अण्णा यांनी खिंडारात बसून मसलत केली. वरच्या प्राचार्यांनी समितीस अर्धा तास चहात गुंतवावे. मग मोटारीस हमरस्त्याने, रेल्वे फाटकावरून खालच्या दरवाजास यावयास पाव तास. तितक्यात टेबल, खुर्च्या आणि विद्यार्थी खिंडारातून पार करावे. दोन दिवसांची फुकट हजेरी कबूल करता वरचे एकोणचाळीस विद्यार्थी फौजेत दाखल जाहले. चाळिसावा काही केल्या मिळेना. जो तो म्हणे, बारा वाजता जेवणाची वेळ आहे.

तात्या हवालदिल होऊन घरी आले. आता येथे घरचा मजकूर सांगणे प्राप्त आहे. तात्यांचे कुटुंब दिवसा शिवणयंत्र चालवीत आणि संध्याकाळी सहा वाजता त्याच खालच्या कॉलेजच्या संध्यावर्गास जात. लग्नाने सुटलेले शिक्षण बावीस वर्षांनी पुन्हा धरले होते. इतिहास विषय घेऊन दोन वर्षे पास जाहल्या, तिसरे बाकी. वरच्या कॉलेजात संध्यावर्ग नाही, आणि दुसरा कोठे असेल तर बसने अडीच तासांवर. म्हणजे खालची पाटी उतरली तर यांची पदवीही तिच्याबरोबर उतरली, हे तात्या पक्के जाणून होते. ही लढाई दप्तरासाठी कमी आणि या एका बाकासाठी अधिक होती, परंतु ऐसे बोलून दाखवील तो हेडक्लार्क कसला.

तात्यांनी घसा साफ करून विनंती केली जे, उद्या बारा वाजता एक तास येऊन बसावे, एक असामी कमी पडते. बाईंनी यंत्र थांबवले, दातांतला दोरा काढला आणि म्हणाल्या, "येईन. पण माझ्या वर्गात, माझ्या बाकावर बसेन. आणि अहो, मला त्यांच्यात मोजू नका. मी तिथे खरी बसते."

तात्यांस हे लागले. रात्री जेवताना त्यांनी आमटीत मीठ कमी आहे ऐसे दोनदा म्हटले, आणि ते कमी नव्हते.

मग माहे मार्च, मंगळवार, तपासणीचा दिवस उजाडला. पहाटेच टेबल खिंडारातून वर गेले. दहाच्या ठोक्यास समितीची स्वारी आली. अध्यक्षबाई छत्तीस वर्षे वर्गात शिकवून निवृत्त जाहलेल्या, अंगाने किरकोळ आणि नजरेने जबर. बाईंनी विद्यार्थी पाहिले, मोजले, टेबलाशी बसून टिपण केले, आणि चहास उठल्या. त्या जिना उतरतात न उतरतात तोच अण्णांनी रुमाल हलवला.

त्या पाऊण तासाचे वर्णन काय करावे! आघाडीस टेबल, चौघांच्या खांद्यावर, चादरीसकट. त्यामागे विद्यार्थी, ज्याची खुर्ची त्याच्या डोक्यावर. आणि पिछाडीस अण्णा, कोणी घरी पळू नये म्हणून. खिंडारात टेबल आडवे अडकले. कोणी म्हणे उभे करा, कोणी म्हणे तिरके घ्या, आणि ज्यांचा हात लागला नव्हता तेच अधिक शिकवीत होते. अखेर तात्यांनी भिंतीच्या दोन विटा स्वहस्ते उपटल्या आणि टेबल पार जाहले. रेल्वे फाटकही त्या दिवशी नेमके लागले, तेव्हा तात्यांनी आगगाडीस मनोमन मुजरा केला. बाराला दोन मिनिटे कमी असता एकोणचाळीस विद्यार्थी वर्गात बसून धापा टाकीत होते, आणि खिडकीकडच्या बाकावर, जो एकच बाक कॉलेजच्या स्वतःच्या मालकीचा शिल्लक होता, त्यावर तात्यांचे कुटुंब वही उघडून बसले होते.

समिती वर्गात आली. अध्यक्षबाईंनी सर्वांवरून नजर फिरवली आणि ग्रंथालयात जाऊन टेबलाशी बसल्या. टिपण काढले. चष्म्यासाठी पर्स चाचपली, चष्मा मिळेना. मग सवयीने समोरचा खण ओढला, आणि खणात त्यांचा चष्मा, त्यांच्याच निळ्या घरात, त्यांनी सकाळी वरच्या कॉलेजात ठेवला होता तैसाच निजला होता.

तात्यांस कापले तर रक्त निघेना. प्राचार्यसाहेब छताकडे पाहू लागले. बाईंनी चष्मा सावकाश पुसला, डोळ्यांवर चढवला, आणि पुन्हा वर्गात जाऊन एकेक चेहरा नीट पाहिला. मग खिडकीकडच्या बाकाकडे बोट करून म्हणाल्या, "या एकोणचाळीस जणांना मी सकाळी वरच्या कॉलेजात पाहिलंय. या एकट्याच नव्या दिसतात. या कोण?"

सारी बनावट फौज खरी ठरली आणि खरी असामी तेवढी संशयात आली, ऐसा उफराटा प्रसंग तात्यांवर गुदरला. तात्यांनी सत्तावीस वर्षांच्या नोकरीच्या सवयीने हजेरीपट उघडला आणि पुन्हा मिटला. तेसमयी बाक सरकल्याचा आवाज जाहला आणि त्यांचे कुटुंब उभे राहिले.

"मी इथलीच आहे. बाकीचे पाहुणे," त्या म्हणाल्या. "इथला खरा वर्ग सहाला भरतो. दिवसा आम्हाला कामं असतात. तुम्ही दिवसा मोजता, म्हणून आम्ही कुणाला दिसत नाही."

अध्यक्षबाईंनी घड्याळ पाहिले आणि हुकूम केला जे, समिती आज मुक्काम करील आणि सहा वाजता पुन्हा येईल. मग तात्यांकडे वळून म्हणाल्या, "आणि एकही माणूस आणायचा नाही. खुर्चीसुद्धा नाही."

तात्यांनी हा हुकूम शब्दशः पाळला. खुर्च्या अण्णांस परत गेल्या, वर्ग उघडा पडला, राहिले ते ग्रंथालयात टेबल आणि वर्गात तो एक बाक. सहा वाजता लोक येऊ लागले. आधी इस्पितळातल्या दोघी परिचारिका, मग बसचा कंडक्टर खाकी सदऱ्यावर, मग एक पहारेकरी, मग सासू आणि सून एकत्र, आणि सून पहिल्या वर्षास तर सासू दुसऱ्यास. खुर्च्या नाहीत म्हणून कोणी तक्रार केली नाही. सर्वांनी रोजच्याप्रमाणे वर्तमानपत्रे अंथरली आणि मांडी घातली. तात्या दाराआड उभे राहून मोजीत होते. एकतीस भरले. हजेरीपटावर त्यांनी अठ्ठावीस लिहिले होते. सत्तावीस वर्षांत माणसे जास्त भरण्याचा प्रसंग हा पहिलाच.

सरांनी फळ्यावर एका जुन्या तहाची कलमे लिहावयास आरंभ केला. समितीचे बाकीचे सभासद दारातच थबकले, परंतु अध्यक्षबाई आत शिरून मधोमध उभ्या राहिल्या आणि पाहू लागल्या. तेव्हा मागून कंडक्टरने मान वर न करता सांगितले, "बाई, जरा सरका. फळा दिसत नाही."

आणि राज्याची समिती सरकली. सरकून सरकून खिडकीकडच्या बाकापाशी आली, तो तात्यांच्या कुटुंबाने वही उचलून जागा केली. बाई तेथे बसल्या आणि तास संपेपर्यंत उठल्या नाहीत. त्यांनी दोन कलमे स्वतःच्या टिपणात उतरवूनही घेतली, ऐसे पाहणारे सांगतात. तात्यांनी दाराआडून हे पाहिले आणि त्यांच्या छातीवरचे मोठे ओझे उतरले.

पुढे महिन्याभराने तहनामा आला, तो ऐसा. दोन्ही कॉलेजे मिळून एक करावे. खालची पाटी उतरवावी. प्राचार्य एक राहावे, दुसऱ्यांनी ग्रंथालयाची सुभेदारी पत्करावी. हेडक्लार्क एक राहावा. नोकरीत अण्णा अकरा महिन्यांनी वडील, सबब गादी अण्णांस आणि तात्यांनी त्यांचे हाताखाली बसावे. संध्यावर्ग कायम राहावा, आणि त्याची मोजणी संध्याकाळीच करावी. खिंडारास सरकारी खर्चाने दार बसवावे, त्याची किल्ली तात्यांकडे असावी.

बखरकाराचा स्वभाव फुशारकीचा असला तरी खोटे लिहिणे नाही: त्या सालात राज्यात दोनशेवर पाट्या उतरल्या. कित्येक उतरावयासच हव्या होत्या, आत कोणी नव्हते. परंतु कित्येक ठिकाणी सहा वाजता कोण येते हे पाहावयास कोणी थांबले नाही, तेथील लोक वह्या घेऊन परत गेले, आणि त्याचे दुःख वाटते.

तात्यांनी गादी सोडली त्या दिवशी अण्णांनी त्यांस खुर्ची पुढे केली आणि तात्यांनी ती घेतली नाही. दोघे जुन्या जागी, नव्या दाराच्या उंबऱ्यावर, चहा घेत बसले. अण्णा म्हणाले की चुकले, टेबलाचा खण एकदा पाहावयास हवा होता. तात्या म्हणाले की बरे जाहले पाहिला नाही.

मग एक साल लोटले. निकालाचा दिवस आला आणि गुणपत्रिका वाटावयाची कामगिरी तात्यांवर पडली. खिडकीबाहेर रांग लागली. तात्या मान खाली घालून यादीवर बोट ठेवीत, नाव पुसत, सही घेत, पत्रिका देत. सातव्या नंबरास खिडकीत शिवणाच्या सुईने टोचलेला एक हात आला, आणि तात्यांनी मान वर न करता दप्तरी आवाजात विचारले, "नाव?"

बाहेरून उत्तर आले. आधी स्वतःचे नाव, मग बाकीचे. हे पहिले नाव तात्यांनी लग्नाच्या दिवशी एकदा घेतले होते. तेव्हापासून घरात अगं आणि अहो यांवरच राज्य चालले होते. तात्यांनी यादीत ते शोधले, बोट ठेवले, आणि पुन्हा एकदा, खात्री करावयास, मोठ्याने वाचले. रांगेतल्या सर्वांनी ऐकले. तात्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते त्यांनी लपवले नाही.

येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. पाटी गेली, गादी गेली, वर्ग राहिला. पत्रिकेवर द्वितीय श्रेणी, उत्तीर्ण, ऐसा शेरा आहे. खाली तात्यांचे हातचा शिक्का आहे, तो किंचित वाकडा पडला आहे. दुसरा मारून देतो ऐसे तात्यांनी म्हटले असता कुटुंबाने नको म्हटले, आणि पत्रिका आहे तैशीच घरी शिवणयंत्रावरच्या भिंतीस लावली. हे दप्तरी नमूद असावे.