उसन्या बैलांचा पंचनामा

ही गोष्ट मी लिहिणारच नव्हतो. दोनदा कागद घेतला आणि दोनदा त्याच कागदात शेंगा बांधल्या. एकतर सगळ्या घोटाळ्याची सुरुवात माझ्या हातून झाली, आणि शेवटी मी जे केलं ते सांगायची लाज वाटते. पण आता सांगतोच.

जोतीराम सांगलीच्या कॉलेजात इंटरला होता आणि मी छापखान्यात खिळे जुळवायला. आमची खोली एक, स्टोव्ह एक आणि कोटही एकच. कोट माझा, पण कॉलेजात जाताना तो घालायचा.

शेहेचाळीस सालच्या थंडीत प्लेगचे उंदीर पडायला लागले. जोतीरामचं गाव आष्ट्यापासून दीड कोसावर. तिथं गाठीचा पहिला रोगी निघाला तसं अख्खं गाव घरांना कुलपं घालून माळावर झोपड्या बांधून राहायला गेलं. गुऱ्हाळं थांबली, बाजार बंद झाले, आणि जोतीरामचे वडील नाथाजी यांच्याकडून फीचे पैसे येईनात. महिनाअखेरपर्यंत परीक्षेची फी भरली नाही तर वर्ष बुडणार होतं. वर्ष बुडालं की विट्याचा मामा टपलेलाच. मद्रासला त्याचं सोनं गाळायचं दुकान होतं आणि भाच्याला भट्टीवर बसवायचं त्यानं कधीच ठरवलं होतं.

तेवढ्यात कॉलेजात नोटीस लागली. प्लेगमुळे अडचणीत आलेल्या विद्यार्थ्यांना चाळीस रुपये मदत मिळणार, परत करायची गरज नाही. मात्र आधी प्रोफेसर आठल्ये घरी जाऊन परिस्थिती डोळ्यांनी बघणार.

जोतीरामनं अर्ज केला आणि मास्तरांनी सोमवार ठरवला. आता घरी कळवायला पाहिजे होतं. जोतीराम नुकताच प्लेगची सुई टोचून आला होता. दंड सुजलेला, अंगात ताप.

"लाला, तूच लिव रं कार्ड," तो घोंगडीतून म्हणाला. "समदं सविस्तर लिव."

मी सविस्तर लिहिलं. 'सोमवारी आमचे आठल्ये मास्तर येत आहेत. जमीन किती, जनावरं किती, माणसं किती, घरात भांडीकुंडी काय, हे सगळं बघतील व विचारतील. तयारीत असावे.' मला मोठ्या अक्षरात लिहायची खोड. मदतीचं लिहायला गेलो तर कार्डच संपलं. मग कडेला आडवं 'जोतीरामच्या भल्याचे आहे' एवढं बसवलं आणि पेटीत टाकलं.

माळावर ते कार्ड आप्पासोंनी वाचलं. आप्पासो म्हणजे शेजारच्या झोपडीतले, चौथी शिकलेले, चार बैलांचे मालक. ऐकायला नाथाजी होते, आणि नाथाजींची थोरली बहीण हरणाबाई होती. हरणाबाईपुढं नाथाजी सहसा बोलत नसत.

"जमीन इचारणार? जनावरं मोजणार?" हरणाबाई म्हणाली. "आरं नाथाजी, ही सोयरीक हाय!"

"मास्तर कशाला सोयरीक आणंल?"

"बामणाचा मास्तर सोताची पोरगी देणार हाय व्हय? कुणीतरी बड्या घरानं त्याला म्होरं धाडलाय. मोठी माणसं आदी आपण येत न्हाईत. घर कसं हाय त्ये बघाय शाना माणूस धाडत्यात. त्यात पोरगा कॉलेजात. आन काय लिवलंय बग की, जोतीरामच्या भल्याचं हाय!"

आता खरं सांगायचं तर यात हरणाबाईचं काय चुकलं? त्या मुलखात जमीन, जनावरं आणि भांडी मोजायला परका माणूस दोनच कामांसाठी येतो. एक जप्ती, दुसरं लग्न. जप्तीवाला आधी कार्ड टाकत नाही.

आणि लग्न म्हटल्यावर गावाचीही एक रीत आहे. पाहुणे घर बघायला आले की ज्याच्याकडं जे असेल ते त्यानं त्या घरी आणून ठेवायचं आणि पाहुणे जाईपर्यंत तोंडातून शब्द काढायचा नाही. आज तुमच्या पोराचं, उद्या आमच्या पोराचं. आप्पासोंनी दोन बैलजोड्या आणून बांधल्या. बिराप्पा धनगर आपली सव्वाशे मेंढरं आष्ट्याच्या वाटेवर एका रानात बसवून होता. त्यानं ती उठवून झोपडीमागच्या नाथाजींच्या दोन एकरांत आणली. बनुबाईनं पितळेचे हंडे दिले. कुणी बाज दिली, कुणी घोंगडी, कुणी कपबश्या. नाथाजींची स्वतःची म्हैस तेवढी लांब आंब्याखाली लपवली. नाथाजींच्या डोक्यावर कुणाचा तरी जरीचा पटका चढला, आणि तो ढिला होत असल्यामुळं त्यांनी मान हलवणंही बंद केलं.

सोमवारी आठल्ये मास्तर, जोतीराम आणि मी आष्ट्यापर्यंत सर्व्हिस मोटारीनं आणि पुढं चालत निघालो. छापखाना प्लेगमुळे बंद होता म्हणून मी गेलो. जोतीरामच्या अंगात माझा कोट होता.

वाटेत जोतीराम सांगत होता, "सर, आमची एक म्हैस आहे फक्त. तीपण आटलेली."

झोपडी दिसली तशी त्याची पावलं थांबली. दारात चार बैल, शिंगांना गोंडे. मागं मेंढरंच मेंढरं.

"म्हैस कुठे आहे?" आठल्यांनी चष्मा पुसला. त्यांचा स्वर रागाचा नव्हता. हा माणूस मुळात चौकस. मुंगी दिसली तरी ती कुठून आली ते बघत बसायचा.

"या, या, मास्तर!" हरणाबाई पुढं आली. "बसा बाजंवर. आवं बनुबाई, च्या आना!"

आठल्यांनी वही काढली. "जमीन?"

"ह्यो दिसतोय न्हवं माळ? त्या आंब्यापातुर."

"बैल?"

"चार हितं. बाकीची चराय गेल्यात."

"आत्या!" जोतीराम ओरडला. "आगं काय सांगतीयास! सर, हे बैल आमचे नाहीत."

"पोरगं टोचल्यापासनं बरळतंय," हरणाबाई मास्तरांना हळूच म्हणाली. "सबावानं लय गरीब हाय, म्हनून सोताला गरीबच म्हनतंय."

आठल्ये लिहीत होते. जोतीरामनं माझ्याकडं बघितलं आणि मी बैलाकडं. चार पानं भरल्यावर आठल्यांनी वही मिटली.

"नाथाजीराव, आनंद आहे. पण इतकं सगळं असताना मुलानं मदतीचा अर्ज करायला नको होता. अर्ज नामंजूर करावा लागेल."

"कसला अर्ज?" हरणाबाई म्हणाली. "आन पोरगी कितवी शिकलीया त्ये सांगा की."

"कोणती पोरगी?"

मग सगळं बाहेर आलं. कार्ड बाहेर आलं, माझं मोठं अक्षर बाहेर आलं, चाळीस रुपये, फी, मद्रासची भट्टी. हरणाबाई मटकन खाली बसली.

"मास्तर, खोटं बोल्ले मी. आमचं काय सुदीक न्हाई ह्यातलं."

"बाई, माझी अडचण समजून घ्या," आठल्ये शांतपणे म्हणाले. "लग्न आहे म्हणून तुम्ही श्रीमंत झालात. पैसे मिळणार म्हटल्यावर गरीब झालात. मी कोणत्या हरणाबाईंवर विश्वास ठेवू? हे बैल दुसऱ्याचे असतील तर त्या मालकाला बोलवा."

आप्पासोंना बोलावलं. ते मागं मेंढरांत होते, त्यांना यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाहुणा बैलांबद्दल शंका घेतोय एवढंच त्यांच्या ध्यानात आलं आणि ते छाती काढून उभे राहिले.

"आवं मास्तर, कुनी सांगितलं तुमास्नी? बैलं नाथाजीचीच. वासरं हुती तवापासनं बघतोय मी."

"आप्पासो, आवं खरं सांगा!" जोतीराम हात जोडून म्हणाला.

"खरंच सांगतोय की. जिवात जीव हाय तवर सांगंन." आणि जोतीरामकडं वळून डोळा मिचकावला. "तू घाबरू नगं गड्या. फोडनार न्हाई मी."

मेंढरं नाथाजींचीच, अशी बिराप्पानंही शपथ घेतली. त्याच वेळी त्याचं कुत्रं नाथाजींवर भुंकत होतं.

"मालकावर भुंकतं?" आठल्यांनी विचारलं.

"पटका नवा हाय न्हवं, वळकंना," बिराप्पा म्हणाला.

आठल्यांनी वही परत उघडली, पण नामंजूर हा शब्द लिहायलाच. जोतीरामचा चेहरा मद्रासला पोचला. तेवढ्यात नाथाजींनी दोन्ही हातांनी पटका धरला आणि त्या दिवशी पहिल्यांदा तोंड उघडलं.

"लिवा मास्तर. बैलं माझी. मेंढरं माझी. हंडं बी माझंच. पाच पंच सांगत्यात, मग मी कशाला न्हाई म्हनू? तुमची मदत नगं. बाजार बंद हाय, पर हितंच इकतो. पोराची फी तर भरली पायजे. बिराप्पा, ही जोडी निम्म्या किमतीत घेतोस का रं?"

बिराप्पानं बैलांकडं बघितलं. चांगले बैल होते. "घेतो की," तो म्हणाला.

"घेतो की? आरं ए!" आप्पासो झेपावले आणि त्यांनी कासरा धरला. "बैलं माझी हाईत! इस्लामपुरासनं आनल्यात मी, पावती हाय!"

"मग मेंढरं तरी इकतो," नाथाजी म्हणाले.

बिराप्पानं अशी शीळ घातली की सव्वाशे मेंढरं एका दमात उठली. मग कुणी थांबेना. बनुबाईनं हंडे उचलले. घोंगडी गेली. एका म्हातारीनं आठल्यांचा चहा संपायची वाट बघितली आणि कपबशी हातातून काढून घेतली. बाजेचा मालक आला, म्हणाला, "जरा उठताय का मास्तर?" आणि आठल्ये पुरते उठायच्या आत बाज निघाली. नाथाजींचा पटकाही गेला. त्यांनी मोकळी मान दोन्ही बाजूंना फिरवून बघितली.

आणि इथं ती लाजेची गोष्ट. सगळे आपापलं घेऊन चालले होते. त्या गर्दीत मला काय झालं कोण जाणे, मी जोतीरामपुढं गेलो आणि म्हणालो, "कोट माझा आहे."

त्यानं निमूट काढून दिला. आत पाठीवर फाटलेला सदरा होता. आठल्यांनी तो पाठीमागून नीट बघितला, त्याची नोंदही केली.

आता मास्तरांपुढं एक झोपडी, चार माणसं आणि आंब्याखाली लपवलेली म्हैस एवढंच राहिलं. आठल्ये जमिनीवर मांडी घालून लिहू लागले.

"म्हैस नक्की तुमची ना?"

"म्हस आमचीच," हरणाबाई म्हणाली.

तेवढ्यात एक बाई परत आली. "दावं माझं हाय," म्हणाली, आणि म्हशीच्या गळ्यातलं सोडून घेऊन गेली.

आठ दिवसांत चाळीस रुपये आले. फी भरली, मामा एकटाच मद्रासला गेला. आठल्यांनी अहवालात काय लिहिलं माहीत नाही, पण तेव्हापासून ते कुणाच्याही घरी गेले की बसायच्या आधी विचारतात, "ही खुर्ची तुमचीच ना?"

आता खरोखरच एक सोयरीक आली आहे, इस्लामपूरकडची. मुलीच्या वडिलांनी ही सगळी हकीकत ऐकली आणि म्हणाले, ज्या माणसाला गाव चार बैल नुसते बांधायला देतं, त्याचं घर बघायलाच पाहिजे. परवा येणार आहेत. आप्पासोंनी बैल कबूल केलेत. बनुबाई हंडे घासत बसली आहे.

काल जोतीराम माझ्यापुढं येऊन उभा राहिला. "लाला, कोट."

मी कोट दिला, आणि त्याला वचनही दिलं. पाहुणे मोटारीत बसून आष्ट्याचा नाका ओलांडेपर्यंत तो कोट माझा आहे हे मी कुणालाही सांगणार नाही, मग जोतीरामनं तो विकायला काढला तरी.