बदलीचा बडग्या

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी चंपतराव गिरडकरांनी एका विलायती सैनिकाला बांबूला बांधून कुंपणापाशी उभे केले, तेव्हा त्यांच्या मनात वैद्यकीय हेतूखेरीज दुसरे काहीही नव्हते. सैनिकाचा उजवा गुडघा धरला होता. गुडघ्यात एरंडेल सोडून त्याला कडक ऊन द्यावे, असा चंपतरावांचा उपचार होता. बऱ्याच दिवसांच्या झडीनंतर त्या सकाळी ऊन पडले होते, पण अंगणात पेरूची सावली. ऊन होते ते कुंपणाच्या वर, पुरुषभर उंचीवर. म्हणून बांबू.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तान्ह्या पोळ्याला, नागपुरात पिडा घेऊन जाणारी मारबत निघते. गावाला छळणाऱ्या एकेका गोष्टीचा पुतळा, म्हणजे बडग्या, बांबूवर चढवतात, वाजतगाजत आणि शिव्या घालत मिरवतात, आणि शेवटी हद्दीबाहेर नेऊन जाळतात. असा गेलेला बडग्या परत घरात येत नाही. आणला तर पिडा दुपटीने येते. त्या एका सकाळी शहरात बांबूवर जे काही बांधलेले असेल, तो बडग्याच असतो. हे चंपतरावांना जन्मापासून ठाऊक होते. पण छंदी माणसाला आपल्या वस्तू लोकांना कशा दिसतात, एवढेच ठाऊक नसते.

चंपतरावांचा छंद हातपाय हलणाऱ्या पुतळ्यांचा. त्यांना कोणी बाहुल्या म्हटले की ते जेवणावरून उठत. चावी दिली की ढोल वाजवणारा पत्र्याचा शिपाई, दोरी ओढली की सलाम ठोकणारा लाकडी हवालदार, कमरेत वाकणारा आणि मग न उठणारा पहिलवान, असे पुष्कळ लोक धरमपेठेतल्या त्या दोन खोल्यांत राहत. प्रत्येकाचे सांधे तपासून चंपतराव त्याचे परीक्षण लिहीत आणि एका साप्ताहिकाला पाठवीत. ‘कोपर समाधानकारक. मानेत आत्मविश्वास नाही. उभा राहतो, पण मनापासून नाही.’ संपादकांकडे शीर्षकाचा एकच ठोकळा शिल्लक असल्यामुळे हे सारे ‘ग्रंथ-परीक्षण’ या मथळ्याखाली छापून येई. एका प्राध्यापकांनी तो पहिलवान कोणत्या प्रकाशनाचा आहे, अशी ग्रंथालयात चौकशीही केली होती.

हा लौकिक ऑफिसात पोचला आणि पांढरीपांडे साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावले. साहेबांच्या टेबलावर दोन गोष्टी होत्या. एक, गिरडकरांची भिवापूरला बदली करण्याची फाईल. दुसरी, सव्वा हात उंचीचा विलायती सैनिक. साहेबांच्या मेहुण्यांनी तो परदेशातून साहेबांच्या मुलांसाठी आणला होता. बोटे वळत, मनगटे फिरत, मान दोन्हीकडे बघे. फक्त उजवा गुडघा धरलेला.

"बघा तुमच्याने काही होतं का," साहेब म्हणाले आणि फाईल किंचित बाजूला सरकवली.

फाईल ज्या दिशेने सरकली, ती भिवापूरची दिशा नव्हती, एवढे चंपतरावांच्या लक्षात आले. सैनिक धोतरात गुंडाळून ते घरी आले. बायकोला काही सांगितले नाही. सत्यवतीबाईंना घरातला आणखी एक पुतळा, एवढेच दिसले.

तर चंपतराव आंघोळीला गेले आणि गल्लीच्या मंडळाचे प्रमुख देवराव बोकडे फाटकाशी आले. रात्रीच्या सरीत मंडळाचा कागदी बडग्या भिजून त्याचा लगदा झाला होता. बँडवाले येऊन बसले होते. देवरावांनी कुंपणावर पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

"वयनी! हा बडग्या नेऊ का?"

सत्यवतीबाई पुरणाच्या भांड्यातून डोके न उचलता म्हणाल्या, "न्या ना भाऊजी. आतमंदी अजून लय आहेत, सारेच न्या."

चंपतराव डोक्याला साबण लावलेल्या अवस्थेत बाहेर आले, तेव्हा कुंपणावर फक्त ऊन होते. कोपऱ्यावर ढोल वाजत होता. ते सदरा उलटा घालून धावले.

"देवराव! थांबा! तो बडग्या नोहे!"

"मंग कोन होय?"

देवरावांच्या शेजारी लहानू उभा होता. लहानू त्यांच्याच ऑफिसातला शिपाई. सकाळी पाहिलेले दुपारच्या आत साहेबांच्या कानावर घालणे, हे तो नोकरीचाच भाग समजत असे. साहेबांच्या मुलांचा सैनिक बांबूवर चढून गल्लीच्या शिव्या खातो आहे, हे त्याच्यासमोर बोलणे म्हणजे भिवापूरचे तिकीट हातात घेणे.

"तो… नाजूक आहे," चंपतराव म्हणाले. "मीच धरतो."

"आता कसं!" देवरावांनी बांबू त्यांच्या हातात दिला. "ज्यानं बनवला त्यानंच धरावं. काय फिनिशिंग आहे जी! कोनाच्यानं होत नाही असं. बरं, बडग्या कशाचा होय?"

"कशाचा म्हणजे?"

"मांगच्या गल्लीनं महागाईचा काढला. नळावरच्या पोरायनं घासलेटाचा. आपला कशाचा? लोकं विचारून राहिले ना!"

लोक खरोखरच विचारत होते. बँड थांबला होता. साबण चंपतरावांच्या डोळ्यांत उतरत होता. त्या क्षणी त्यांच्या डोक्यात जगातली एकच पिडा होती, आणि ती तोंडातून बाहेर पडली.

"बदलीचा."

मग माळ्यावरून एक मास्तर ओरडले, "थांबा! मी चपला घालतो!"

धरमपेठेच्या त्या भागात सरकारी पगारावर न जगणारा माणूस शोधावा लागे. पाटबंधाऱ्यातले दोघे भाऊ आले. तारखात्यातले एक गृहस्थ दाढी अर्धी टाकून आले. आजारपणाच्या रजेवर असलेले एक कारकून खणखणीत आवाजात घोषणा देत आले. महागाईच्या बडग्यामागचे निम्मे लोक इकडे वळले, कारण महागाई सगळ्यांनाच असते, बदली ज्याची त्याची असते.

शेजारच्या इंदूबाई कडुनिंबाची डहाळी आणि काजळाची डबी घेऊन पुढे आल्या. त्यांचा जावई गेल्या साली चांद्याला गेला होता.

"वाकवा तो बांबू. बडग्याले मिशा नाहीत, असं कुठी असते का!"

"मिशा नको इंदूबाई! त्याचा रंग—"

"तुमाले काय समजते! माही पोरगी चांद्याच्या जंगलात बसली आहे." आणि त्यांनी अशा मिशा काढल्या, की सैनिकाचे राष्ट्रीयत्व बदलले.

"इडा पिडा, बदली बिदली, घेऊन जा गे मारबत!" देवरावांनी आरोळी ठोकली.

चंपतराव ओरडत नव्हते. ते फक्त बांबू दोन्ही हातांनी सरळ धरून, खड्डे चुकवत चालत होते. सैनिक पडू नये म्हणून ते सर्वांत पुढे होते, धक्का लागू नये म्हणून कोणाला जवळ येऊ देत नव्हते. मागच्यांना वाटले, यालाच म्हणतात पुढारी. दुसऱ्या चौकात एकाने त्यांना हार घातला. चौथ्या वळणावर चंपतरावांच्या लक्षात आले, की मिरवणूक साहेबांच्या बंगल्याच्या रस्त्याला लागली आहे.

"इकडून काहून चालले?" त्यांनी घाबरून विचारले.

"तुमीच तर पुढं आहे ना जी!" देवराव म्हणाले.

पांढरीपांडे साहेब व्हरांड्यात चहा घेत होते. बंगल्यासमोरच्या मोकळ्या जागेत मिरवणूक थांबली, कारण बदल्या करणाऱ्याच्या दारासमोर बदली जाळण्याची संधी वर्षातून एकदाही येत नाही. साहेब उठले, पायऱ्या उतरले, आणि जवळ येऊन वर पाहू लागले. मिशांवर त्यांची नजर थांबली नाही. बुटांवर थांबली.

"गिरडकर."

"जी साहेब."

"हा आमच्याकडचा दिसतो."

"गुडघ्याले ऊन देऊन राहिलो होतो साहेब."

साहेबांनी मागे उभ्या असलेल्या समुदायाकडे पाहिले. "याला एवढी माणसं लागतात?"

चंपतरावांनी सगळे सांगायला सुरुवात केली. पेरू, सावली, पुरण, लहानू. त्यांचे त्यांनाच ते पटेना. साहेबांनी हाताने थांबवले आणि त्यांना फाटकामागे नेले. आवाज खाली आणला.

"आज माझे मेहुणे येताहेत. दर सणाला येतात. आले की पहिल्यांदा या सैनिकाचं विचारतात. मग हा केवढ्याला पडला ते सांगतात. मग तिकडचे रस्ते कसे असतात ते सांगतात. मग माझी बायको माझ्याकडे बघते." साहेबांनी एकदा बांबूच्या टोकाकडे पाहिले. "लोकांचा सण आहे. मी आड येणार नाही. जाळा."

"साहेब?"

"आणि तुमची ती फाईल मी उद्या बंद करतो. भिवापूर तुम्हाला मानवणार नाही."

सगळे मनासारखे झाले होते. बदली टळली होती, साहेब खूश होते, आणि मागे देवराव काड्यांची पेटी घेऊन उभे होते. चंपतरावांनी वर पाहिले. बांबू हलला तशी सैनिकाची मान वळली आणि त्याने मिशांसकट चंपतरावांकडे पाहिले. असे मनगट नागपुरात दुसरे नव्हते. बहुधा मुंबईतही नसेल. याचे परीक्षण अजून लिहायचे होते.

काड्या सर्दावल्या होत्या. एक पेटेना, दुसरी पेटेना. "पेटत नसन तर राहू द्या," चंपतराव आशेने म्हणाले.

"हे घ्या," साहेब म्हणाले आणि त्यांनी खिशातून चकचकीत लायटर काढला. तोही मेहुण्यांनीच आणलेला होता. पहिल्या खटक्याला पेटला.

ज्योत कडुनिंबाच्या डहाळीला लागली आणि चंपतराव पळाले.

ते आयुष्यात कधी पळाले नव्हते, त्यामुळे कुठे पळायचे हे त्यांनी ठरवले नव्हते. बांबू भाल्यासारखा आडवा धरून, वाटेत डहाळी विझवत, ते पश्चिमेकडे सुटले. क्षणभर सगळे गोंधळले. मग देवराव गर्जले, "हद्दीबाहेर घेऊन चालले! असं पायजे! चला!" आणि शेपन्नास सरकारी नोकर, अर्ध्या दाढीच्या गृहस्थांसह, आरोळ्या देत त्यांच्यामागे धावले. चंपतराव जितके जोरात पळत, तितका जमावाला जोर चढे. अंबाझरीच्या पुढे वस्ती संपली, तिथे जमावाचा दम संपला. बदली हद्दपार झाली होती. देवरावांनी नारळ फोडला, लोकांनी चंपतरावांच्या पाया पडून घेतले आणि सगळे जेवायला घरी गेले.

चंपतराव एका दगडावर बसले. सैनिकाला त्यांनी बांबूवरून सोडले आणि सहज म्हणून गुडघा दाबून पाहिला. गुडघा वाकला. सरळ केला, पुन्हा वाकवला. धावण्यातल्या हिसक्यांनी म्हणा, डहाळीच्या उबेने म्हणा, पण वाकत होता. पुष्कळ वेळ ते तेवढेच करत बसले.

संध्याकाळी घरी आले, तर उंबऱ्यात सत्यवतीबाई आणि इंदूबाई दोघी उभ्या.

"तो आत येनार नाही," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"अवं, तो बडग्या नव्हताच!"

"मिरवला का नाही? मिशा लावल्या का नाही? हद्दीबाहेर गेला का नाही?" इंदूबाईंनी विचारले. "मंग? गेलेली पिडा घरात घेता का? मले माह्या जावयाची बदली अजून दूर नाही करायची."

"साहेबाले वापस देऊन टाका मंग," सत्यवतीबाई म्हणाल्या.

"साहेबालेच तर नको आहे तो!"

दोघी बायांनी एकमेकींकडे पाहिले. उन्हातान्हात पळाल्यावर माणसाचे असे होते, हे त्यांना मान्य होते. चंपतराव सैनिकाला पोटाशी धरून पायरीवर बसून राहिले.

"काहो इंदूबाई," त्यांनी विचारले, "ही पिडा फक्त नागपुरापुरती होय का सगळीकडची?"

इंदूबाईंनी विचार केला. या बाबतीत त्या न्यायी होत्या. "नागपूरची पिडा नागपुरातून गेली. भिवापूरचं भिवापूरवाले पाहतीन."

दुसऱ्या दिवशी ऑफिस उघडताच चंपतराव केबिनमध्ये हजर झाले.

"जळाला ना?" साहेबांनी विचारले.

"हद्दीबाहेर गेला साहेब."

"मी घरी तेच सांगितलं. तुमची बदली रद्द केली बरं का."

"रद्द नका करू साहेब."

साहेबांनी लेखणी खाली ठेवली. "गिरडकर, काल तुम्ही बदलीविरुद्ध मिरवणूक काढली."

"जी."

"आज बदली मागता."

"जी."

"कारण?"

"गुडघा," चंपतराव म्हणाले.

साहेबांना काही कळले नाही. पण सरकारी कागदाला कारण लागते, ते कळावेच लागते असे नाही. त्यांनी फाईलवर ‘प्रकृतीच्या कारणास्तव विनंती मान्य’ असे लिहिले.

त्या वर्षी गल्लीत कोणाचीही बदली झाली नाही, इंदूबाईंचा जावई चांद्याहून परत आला, आणि मंडळाने दर साली बदलीचाच बडग्या काढायचा ठराव केला. ज्याने तो पहिल्यांदा वाहिला, तोच तेवढा गेला, हे कोणाच्या ध्यानात आले नाही. मोठ्या कामात असे होतेच.

भिवापूरचे घर मोठे निघाले. अंगणात शेजाऱ्यांच्या मिरच्या वाळत, आत खिडकीपाशी सैनिक उभा राही. काजळ काही केल्या निघेना. ‘गुडघा निर्दोष. मनगट अपूर्व. मिशा मूळच्या नाहीत,’ असे परीक्षण ‘ग्रंथ-परीक्षण’ खाली छापून आले. दिवाळीनंतर एक दिवस लहानू एसटीतून उतरला. त्याच्या हातात मोठे खोके होते.

"साहेबाच्या मेव्हन्यानं दुसरा आनला जी. पहिला जळाला म्हनून. हा त्याच्यापरीस मोठा आहे. अन् हा बोलते."

चंपतरावांनी खोके उघडले. सांधे पाहिले. मान, कोपर, गुडघे. सगळे लोण्यासारखे फिरत होते.

"याले तर काही झालं नाही," ते म्हणाले. "मंग दुरुस्तीले काहून धाडला?"

"ते मले नाही माहीत. घाई नाही म्हने." लहानूने पाणी पिऊन तांब्या खाली ठेवला. "फक्त एवढं इचारून ये म्हनले, भिवापुरात मारबत निघते का?"