ते राहू द्या, वाचलं कोण?

आमच्या राजुऱ्याच्या टॉकीजमध्ये कोणताही सिनेमा लागो, शो सुटला की गेटवर मोतीरामभाऊ उभे असतात. स्वतः आत कधीही जात नाहीत. बाहेर येणाऱ्याला अडवून विचारतात, "कसा होता जी?" समोरचा माणूस अंधारातून उजेडात आल्यामुळे डोळे चोळत सांगायला लागतो की गाणी बरी आहेत, मारामारी जरा जास्त आहे. मोतीरामभाऊ दोन वाक्यं ऐकून घेतात आणि हात वर करतात. "ते राहू द्या. वाचलं कोण?"

शेवटी कोण कोण जिवंत राहिलं, एवढीच त्यांची चौकशी. हिरो वाचला, हिरोची आई वाचली, की पिक्चर चांगला. नुसता घोडा मेला तरी पिक्चर पडला. नवीन लग्न झालेलं जोडपं छान गुलाबी सिनेमा पाहून हसत बाहेर आलं, तरी त्यांना हाच प्रश्न. त्यामुळे गावातली नवी जोडपी हल्ली सायकल स्टँडच्या बाजूनं निघून जातात.

मोतीरामभाऊ माझे शेजारी. कोळशाच्या खाणीतून रिटायर झालेले, बायको वारलेली, एकुलता एक मुलगा संदीप फौजेत. मी इथल्या शाळेत मराठी शिकवते म्हणून ते मला 'बाई' म्हणतात, आणि माझं मराठी फार पुस्तकी आहे म्हणून अधूनमधून सुधारूनही देतात. आमच्या दोन अंगणांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. आमचा सगळा व्यवहार तिच्यावरून चालतो.

सिनेमा का पाहत नाही, हे त्यांनी त्या भिंतीवर कोपर टेकूनच मला सांगितलं होतं.

"आमी वडसाकडचे, बाई. आमाले नाटकाची सवय." तिकडे झाडीपट्टीत धान निघालं की रात्र रात्र नाटकं चालतात. पहाटेच्या सुमारास राजपुत्राला तलवारीनं मारतात, सगळा मंडप रडतो. "आन सकाळी तोच राजपुत्र टपरीवर तर्री-पोहा खातानी भेटते. तोंडाले पावडर तशीच. त्याले 'बरा आहे ना बाप्पा' म्हणाचं आन घरी जाचं." पुढे लग्न झाल्यावर ते बायकोला हौसेनं चंद्रपूरला पिक्चर दाखवायला घेऊन गेले. हिरो शेवटी मेला. नवराबायको दोघं बाहेर येऊन टॉकीजच्या दाराशी उभे राहिले. "हिरो आता येईन, मंग येईन. दुसरा शो सुरू झाला तरी आला नाई. वाचमन म्हणे, कोणाची वाट पाहून राह्यले? काय सांगाव त्याले? आमची बाई एष्टीत राजुऱ्यापर्यंत रडली. म्हणे, त्या पोट्ट्याले तसाच टाकून आलो आपण."

तेव्हापासून मोतीरामभाऊंचा सिनेमा गेटच्या बाहेरून.

त्यांची दुसरी सवय मेनू सांगण्याची. संदीप फौजेत आहे, पण स्वयंपाकी म्हणून. रोज संध्याकाळी त्याचा फोन येतो आणि बाप एकच विचारतो, "आज काय केलं?" तो मेनू मला दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून मिळतो. "बाई, काल राजमा." "बाई, काल आलूगोबी, वरून खीर." ऐन सीमेवरच्या पलटणीचं जेवण मला माझा डबा भरायच्या आधी पाठ असतं. ज्यांची मुलं फौजेत आहेत ते बाप मिशीला पीळ देत फिरतात. मोतीरामभाऊ मात्र कोणीही विचारलं की सांगतात, "माह्या पोट्ट्याच्या हाती झारा आहे, बंदूक नाई." आणि एवढ्या समाधानानं सांगतात की ऐकणाऱ्यालाच ओशाळं वाटावं.

गेल्या हिवाळ्यात टॉकीजवर एक युद्धाचा सिनेमा लागला. पोस्टरवर बर्फात उभा असलेला एक दाढी वाढलेला माणूस होता. त्याच्या एका हातात झारा होता आणि दुसऱ्या हातात बंदूक.

मोतीरामभाऊ त्या पोस्टरसमोर बराच वेळ उभे होते, असं गेटजवळच्या पानठेल्यावरच्या रशीदभाईंनी मला सांगितलं. मग ठेल्यावर येऊन त्यांनी हळूच विचारलं, "काऊन जी रशीदभाई, याच्या हातात दोनी काऊन?"

गोष्ट अशी होती की एका चौकीवर स्वयंपाकी, न्हावी आणि कारकून असे तिघंच मागे राहतात. लढायची तिघांनाही इच्छा नसते. हल्ला होतो आणि त्यांना बंदुका उचलाव्या लागतात. गावात या सिनेमावरून सरळ दोन पार्ट्या पडल्या. रशीदभाईंचं मत वाईट होतं. "हिरो पूरा टाइम रोता है. लडने का मन नई तो घर जा ना भाई." ऑटोवाल्यांचं म्हणणं, गाणं एकच आणि हिरोईन फक्त फोटोत. उलट आमच्या शाळेतले इतिहासाचे सर दोनदा पाहून आले आणि स्टाफरूममध्ये म्हणाले की छाती फुगवून मरणारे हिरो खूप पाहिले, घाबरत घाबरत उभा राहिलेला पहिल्यांदाच पाहिला.

यावेळी मोतीरामभाऊंचा प्रश्न बदलला. कोण वाचलं ते कोणालाच विचारेनात. "खरा वाटते का खोटा?" एवढंच विचारायचे. कोणी म्हणालं, 'काही नाही भाऊ, सगळी फेकाफेक,' की त्यांचा चेहरा उजळायचा आणि त्या माणसाला रशीदभाईंच्या ठेल्यावर तंबाखू-सुपारीचा खर्रा मिळायचा, चांगला घोटलेला, मोतीरामभाऊंच्या खात्यावर. ही बातमी ऑटो स्टँडवर पोचायला वेळ लागला नाही. जे टॉकीजची पायरी चढले नव्हते तेही येऊन सिनेमाला शिव्या द्यायला लागले. एकानं तर उत्साहाच्या भरात हिरोईननं नाच वाईट केला असंही सांगितलं. त्यालाही खर्रा मिळाला.

इतिहासाच्या सरांनी मात्र ऐकलं नाही. "मोतीरामभाऊ, लढाईत असंच होतं. वेळ आली की स्वयंपाक्यालाही बंदूक उचलावी लागते."

"तुमी पाह्यली का लढाई?"

"नाही, पण वाचलं आहे."

"मंग वाचत राहा," म्हणून मोतीरामभाऊ तिथून निघाले. त्यांना घराकडे जाताना पाहून मला पहिल्यांदा हसू आलं नाही. हा माणूस गावभर फिरून एकच गोष्ट गोळा करत होता, की झाऱ्याच्या जागी बंदूक येत नाही.

त्यात एका सकाळी भिंतीवरून मेनू आला नाही. मी डबा भरला, कुलूप लावलं, तरी नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मोतीरामभाऊ अंगणात खाट टाकून बसले होते आणि मोबाईल पोटावर ठेवला होता. "टावर नसन," मी काही विचारायच्या आधीच ते म्हणाले. मीही म्हटलं, "टॉवरच नसेल." दोघांचाही विश्वास बसला नाही.

त्या रविवारी मी नणंदेबरोबर दुपारच्या शोला गेले. सिनेमा चांगला होता, फारच चांगला होता. तो स्वयंपाकी बाकीच्या दोघांना पुढे पाठवतो, स्वतः मागे राहतो, आणि शेवटी चुलीवरचा चहा उतू जातो तेव्हा उतरवायला कोणी नसतं. मी ओढणीत तोंड खुपसून रडले. नणंद तर बाहेर यायलाच तयार नव्हती.

गेटवर मोतीरामभाऊ होते.

"कसा होता, बाई?"

"बकवास," मी म्हटलं. "सगळं खोटं."

त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं. "खर्रा पायजे का तुमाले?"

मग त्यांनी आवाज उतरवून आपला जुना प्रश्न विचारला. "ते राहू द्या. तो सयपाकी वाचते का नाई?"

"नाही वाचत, भाऊ."

त्यांनी मान हलवली, जसं काही एखाद्या ओळखीच्याची बातमी ऐकली. मला ते पाहवेना. मी घाईघाईनं मोबाईल काढला आणि त्या नटाची कुठलीशी मुलाखत शोधली. दाढी काढलेली, झकपक शर्ट, समोर बशीत समोसे. मी मोबाईल त्यांच्या हातात दिला. "हा पाहा. हाच तो. कालच समोसे खात होता."

मोतीरामभाऊंनी चष्मा पुसला. गर्दी त्यांच्या दोन्ही बाजूंनी निघून जात होती आणि त्यांनी कोणालाही अडवलं नाही.

"कालचाच ना?"

"कालचाच."

"बरा आहे ना बाप्पा," ते मोबाईलला म्हणाले. मग मला म्हणाले, "जरा वाळला." ती मुलाखत त्यांनी पुन्हा एकदा लावायला लावली.

दुसऱ्या दिवशी मी डबा भरत होते तेव्हा भिंतीजवळ चपलांचा आवाज आला आणि पाठोपाठ हाक. "बाई, काल कढी-भात."

मी पोळी तव्यावर तशीच सोडून बाहेर आले.

"टावरच नोहता. बर्फानं पडला म्हणे." ते आंघोळ करून, केस चापून बसवून उभे होते. "आन तुमाले सांगतो, तो पिक्चर त्याइले तिथी पडदा लावून दाखवला. संदीप म्हणते, बाबा, एक नंबर आहे. सगळे पोट्टे टाळ्या वाजवून राह्यले होते."

"मग आता? तुम्ही तर सगळ्या गावाला खर्रा चारला."

"पुरं ऐकून तर घ्या." ते भिंतीवरून जरा पुढे झुकले. "संदीप म्हणते, त्या सयपाक्याले कांदा चिराले येत नाई. सुरी अशी धरते, जशी पेन्सिल. तवाच समजलं म्हणे, हा खरा सयपाकी नोहय." ते थांबले. गेटवर प्रश्न विचारून थांबतात तसे. "म्हणून मेला तो, बाई. खरा असता तर वाचला असता. होय का नाई?"

आत पोळी जळल्याचा वास येत होता. त्यांचं माझ्या तोंडाकडे लक्ष होतं.

"हो जी भाऊ," मी म्हटलं. "खरा असता तर वाचला असता."