बापूचा दहावा

कादंबरीतलं माणूस मेलं की लेखकाच्या घरी दहा दिवसांचं सुतक असतं, आणि पिंडाला कावळा शिवेपर्यंत पुस्तक छापायला जात नाही. आमचे हे कादंबरीकार. त्यामुळे माझ्या संसाराला सुतक नवं नाही. ह्यांनी एकदा ऐन दिवाळीत अख्खं गाव पुरात बुडवलं होतं. शेजारणींनी फराळ पाठवला म्हणून त्या वर्षी तोंड तरी गोड झालं.

या खेपेला बापू गेला. बापू म्हणजे नायकाचा मामेभाऊ, बियाण्यांच्या दुकानात कामाला होता. अकराव्या प्रकरणात तापाचं निमित्त झालं आणि दोन ओळींत आटोपला. मी विचारलं, "त्या गरिबानं तुमचं काय घोडं मारलं होतं?" तर म्हणाले, "नायकाला दुःख हवं होतं."

सुतकातच रेवती शेंडे आली. पोरगी पहिलीच कादंबरी लिहीत होती आणि तिला ह्यांच्याकडून चार गोष्टी शिकायच्या होत्या. सुतकाच्या घरचं पाणीही घ्यायचं नाही, म्हणून स्वतःची बाटली घेऊन बाहेरच्या खोलीत बसली. हे लगेच खुलले.

"रोज सकाळी बसायचं. सुचो, न सुचो. पात्राला जीव लावायचा नाही. आणि मुख्य म्हणजे, प्रत्येक पात्राला एक अपुरी इच्छा द्यायची. इच्छा नसलेलं पात्र म्हणजे कापडदुकानातला पुतळा."

रेवतीनं मान डोलावली. मग म्हणाली, "बापूची कोणती होती, सर?"

"तो गौण होता," हे म्हणाले.

दहाव्याला आम्ही तिघं वाईच्या घाटावर गेलो. बायका कशाला, म्हणून गुरुजी कुरकुरले. मी म्हटलं, बापूसाठी रडायला कुणी लिहिलेलंच नाही, मग आम्ही नको यायला? गुरुजी कामाला लागले. नेहमीप्रमाणे त्यांनी लेखकाचं गोत्र लावलं आणि पिंड मांडले.

कावळे ढीगभर होते. झाडावर बसून नुसते बघत होते, एकही खाली येईना.

"इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "काय असेल ती कबूल करा."

हे हात जोडून पुढे झाले. "बापू, तुझ्या दुकानाचं वर्णन वाढवतो."

कावळा ढिम्म.

"तुझ्या मरणाला अख्खं पान देतो."

कावळ्यानं फांदीला चोच घासली.

"पुस्तकच तुला अर्पण करतो, बाबा."

तो कावळा उठून पलीकडच्या पिंपळावर जाऊन बसला.

ऊन चढलं. शेवटी गुरुजींनी पिशवीतून दर्भ काढला. खरा कावळा येतच नसेल, तर दर्भाचा करून पिंडाला लावतात. शास्त्राला ते चालतं. ह्यांचा जीव भांड्यात पडला. माझं मात्र डोकं फिरलं.

"तुमच्या सगळ्या कादंबऱ्यांचे शेवट दर्भाचेच झालेत," मी म्हटलं. "याला तरी खरा कावळा शिवू दे. दुसऱ्याच्या दुःखापायी पोराला मारलंत. तो असा अडकून राहिला तर माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. त्याला काय हवं होतं ते आठवा."

हे आठवायला लागले. अगदी मनापासून, कपाळाला आठ्या घालून. पण जे लिहिलंच नाही ते आठवणार कुठून? ह्यांचे डोळे भरून आले. पात्रासाठी ह्यांना रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं, आणि मला मेलीला वाईटही वाटलं.

तेव्हा रेवती पुढे गेली. "बापू, मी शेंड्यांची रेवती. तुम्ही माझ्या कादंबरीत या. काम बियाण्यांच्या दुकानातलंच आहे, पण तुम्ही मरत नाही. आणि तुमच्यापुढे कुणी नायकही नाही."

तिचं बोलणं पुरं व्हायच्या आत पिंपळावरचा कावळा खाली आला. नुसता शिवला नाही, चांगला पोटभर जेवून गेला.

"पात्राला जीव लावू नका म्हटलं होतं," हे पुटपुटले. गुरुजींनी त्यांना आंघोळ करून घ्यायला सांगितलं.

परत येताना मी ह्यांना विचारलं, "माझ्या दहाव्याला कावळा आला नाही, तर काय कबूल कराल?"

हे विचारात पडले. बाजार मागे पडला, आमची गल्ली आली, मी कुलूप काढलं, तरी ह्यांचा विचार चालूच होता.

रेवती पायरीशी उभी होती. तिला मी बाजूला घेतलं. "मी पाटावर बसलेली असताना तव्यावरची गरम पोळी कुणीतरी माझ्या पानात वाढायची. एवढंच."

"ठेवते लक्षात, काकू," ती म्हणाली, आणि तिच्या गाडीची वेळ झाली होती म्हणून स्टँडकडे गेली.