नमुना क्रमांक सात

शनिवारी सकाळी साडेसातला सोसायटीच्या ग्रुपवर पहिला निरोप पडला, ‘कालच्या चैत्रगौरीच्या हळदीकुंकवानंतर आणखी कोणाचं पोट बिघडलंय का?’ साडेआठपर्यंत एकवीस जणांनी होकार भरला. नऊ वाजता अध्यक्ष वैजनाथ बोकील यांनी, स्वतःच्या दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात, निकालच लावून टाकला, ‘आंब्याची डाळ इंदुबाईंनी वाटली होती. मंगळवारच्या सभेत त्यांना कामावरून कमी करण्याचा ठराव मांडण्यात येईल. सर्वांनी उपस्थित राहावे. प्रकृती परवानगी देईल तसे.’

डॉ. पूर्णिमा देवस्थळींनी तो निरोप वाचला, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला. पुसलेल्या चष्म्यातून तो जास्तच चीड आणणारा दिसला. रोगजंतू शोधून ओळखण्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. लग्नातली बासुंदी असो की वसतिगृहातली उसळ, माणसं आडवी झाली की नमुने त्यांच्या प्रयोगशाळेत येत. तिथे त्या तीन-तीन दिवस काचेच्या बशा निरखत बसत आणि जंतूला नावागावासकट पकडून देत. आणि इथे कोथरूडमध्ये एक निवृत्त बँक मॅनेजर दीड तासात, तेही पडल्या पडल्या, गुन्हेगार शोधून मोकळा! या सोसायटीत त्यांना अठरा वर्षांत एकानेही जंतूंविषयी विचारलं नव्हतं. विचारलं ते एवढंच, "डॉक्टर ना तुम्ही? मग गुडघ्याला काय लावू?"

त्या तशाच तळमजल्यावरच्या हॉलमध्ये उतरल्या. गौर पाळण्यात शांत बसली होती. समोर कालच्या कलिंगडाची कमळं मलूल पडली होती, आणि इंदुबाई फरशी पुसत होत्या. मूळच्या बावधनच्या इंदुबाई पंधरा वर्षं इथला जिना, हॉल आणि दर चैत्रात ही गौर सांभाळत आल्या होत्या.

"इंदुबाई, तो निरोप कळला का तुम्हाला?"

"सकाळधरनं तिघी जणी सांगून गेल्या की. एकीनं तर जिन्यातनंच सांगितलं, नाकाला पदर लावून."

"आणि तुम्ही गप्प बसलात?"

"गौर बसलीय समोर. तिच्यादेखत भांडू व्हय?"

एवढ्यात एका हाताने पोट आणि दुसऱ्याने कठडा धरून बोकील आले.

"बरं झालं भेटलात. साधा हिशेब आहे, डॉक्टर. सगळे आजारी पडले, मग ह्याच कशा ठणठणीत?"

"मीही ठणठणीत आहे. दोन वाट्या डाळ खाल्ली मी. मलाही काढा कामावरून!"

"अहो, तुम्हाला जंतूंची सवय असणार."

पूर्णिमाबाई म्हणाल्या, "सवय म्हणजे काय? डबा खातो का आम्ही एकत्र बसून? पुराव्याशिवाय त्या बाईंच्या नखालासुद्धा हात लावायचा नाही. मी तपासते सगळं. रीतसर पत्र घेऊन, प्रयोगशाळेत."

"तपासणार तुम्ही, आणि बाजूही तुम्हीच घेणार. म्हणजे निकाल ठरलेलाच!"

हे मात्र फार झालं. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या निकालावर कोणी शंका घेतली नव्हती. "ठीक आहे," त्या थंडपणे म्हणाल्या. "नमुने मच्छिंद्र भरेल. डब्यांवर फक्त आकडे घालेल. कुठला आकडा कशाचा ही यादी पाकिटात बंद करून तुमच्या कपाटात ठेवा. मला फक्त आकडे दिसतील. मग तर झालं?"

मच्छिंद्र म्हणजे सोसायटीचा वॉचमन. पन्नाशीचा, अक्षर मोत्यासारखं आणि सांगितलेलं काम जसंच्या तसं करणारा.

तपासाची तयारी सुरू झाली. आजाऱ्यांचेही नमुने लागतील, असं पूर्णिमाबाईंनी ग्रुपवर जितक्या सभ्य भाषेत लिहिता येईल तितक्या सभ्य भाषेत लिहिलं आणि घरोघरी निर्जंतुक डब्या पोचवल्या. तिसऱ्या मजल्यावरच्या हेमाताईंनी आपली डबी चार पिशव्यांत गुंडाळून, वर खणाचा रुमाल बांधून, ओटी द्यावी तशी खाली मान घालून हातात ठेवली. बोकिलांकडून मोठा श्रीखंडाचा डबा आला.

"हे काय? मी डबी दिली होती ना?"

"तुमची डबी फारच लहान होती. आणि तपासून झाल्यावर डबा परत हवाय. सौभाग्यवतींचा आहे."

"तो डबा परत मिळणार नाही!" पूर्णिमाबाई म्हणाल्या. "आणि त्यांनीही तो मागू नये!"

मग उरलेली डाळ, फ्रिजमधलं पन्हं, बर्फ, इंदुबाईंचे हात, मिक्सरचं भांडं आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी, असे सहा नमुने भरायचं ठरलं. हात पुढे करताना इंदुबाई हळूच म्हणाल्या, "बाई, एक सांगू? म्या बी डाळ खाल्ली, तुम्ही बी खाल्ली. पन्हं तेवढं न्हाई घेतलं. तुम्हाला साखरंचा तरास, आन् माझा चैत्राचा नेम हाय, म्हैनाभर घरच्या तांब्यातल्या पान्याबिगर काय पीत न्हाई. डाळ खानारी धडधाकट हायती. पन्हं पिनारी आडवी झाली. तवा पन्ह्यात घातलेलं ते फिल्टरचं पानी बी बघा की."

"फिल्टरचं?" पूर्णिमाबाईंचा आवाज चढला. "इंदुबाई, तो फिल्टर माझा आहे!"

आणि तो खरंच त्यांचा होता. हॉलमधल्या कार्यक्रमांना शुद्ध पाणी हवं म्हणून गेल्या वर्षी त्या तीन सभांत भांडल्या होत्या. अखेर तो हॉलच्या खिडकीपाशी बसला. दुसऱ्याच दिवशी इंदुबाई त्याचा नळ फडक्याने पुसताना दिसल्या, आणि त्याच दुपारी वर पाटी लागली: ‘या यंत्रास कोणीही हात, फडके अथवा अक्कल लावू नये. देखभाल मी स्वतः करीन. डॉ. पू. देवस्थळी.’ अख्ख्या सोसायटीत शंका घेऊ नये अशी तेवढी एकच जागा होती.

"गडबड असलीच तर बर्फात असणार," त्या म्हणाल्या. "आणि बर्फ कोणी आणला होता? बोकिलांनी!"

पुढचे तीन दिवस त्या प्रयोगशाळेत खपल्या. मंगळवारी दुपारी त्यांनी शेवटच्या बशीवरचं झाकण उचललं आणि अठ्ठावीस वर्षांची ओळख पटली. गुलाबी ठिपके, आणि प्रत्येकाच्या मधोमध काळी टिकली. सालमोनेला! डब्या सहा भरायच्या ठरल्या होत्या आणि आल्या सात, हे त्यांच्या लक्षात आलं. पण यादीत डोकावायचं नाही असा शब्द दिला होता, आणि दिलेला शब्द त्या मोडत नसत.

संध्याकाळी हॉल भरला. इंदुबाई गौरीच्या पाळण्याशेजारी भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यांच्या हातात सकाळपासून तेच एक फडकं होतं. पूर्णिमाबाई आकडा सांगत आणि बोकील पाकिटातल्या यादीत बघून नाव वाचत.

"क्रमांक एक. स्वच्छ."

"डाळ," बोकील पुटपुटले.

"जरा मोठ्याने!"

"डाळ!"

"क्रमांक चार. स्वच्छ. इतका स्वच्छ नमुना आमच्याकडे क्वचित येतो."

"इंदुबाईंचे हात," बोकील म्हणाले. हेमाताईंनी नाकावरचा पदर हळूच खाली घेतला.

"क्रमांक तीन. सालमोनेला. आजाऱ्यांत सापडला तोच."

"पन्हं."

सभेत कुजबुज झाली. पूर्णिमाबाईंनी हात वर केला. "थांबा. कैरी उकडलेली होती. तिच्यात हा आपोआप येत नाही. हा आला क्रमांक सातमधून. सातमध्ये तर त्याची वसाहत आहे, वसाहत! हा सात कोण, ते वाचण्याआधी मला बोलायचंय." त्यांनी बोकिलांकडे रोखून पाहिलं. बोकिलांना बर्फ आठवला आणि घाम फुटला. "कोणाच्या तरी बेफिकिरीपायी एकवीस माणसं झोपली आणि एका निरपराध बाईच्या पोटावर पाय येत होता. तेव्हा ठराव मांडते. सातचा धनी जो कोणी असेल, त्याने इंदुबाईंची सगळ्यांसमक्ष माफी मागावी, आणि सोसायटीच्या कामाला त्याने पुन्हा हात लावू नये!"

हेमाताईंनी अनुमोदन दिलं. ठराव एकमताने, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला.

बोकिलांनी यादी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. त्यांचा चेहरा चार दिवसांत पहिल्यांदाच टवटवीत झाला.

"मोठ्याने वाचू ना, डॉक्टर?"

"वाचा!"

"क्रमांक सात. फिल्टरचं पाणी."

सगळ्या माना पूर्णिमाबाईंकडे वळल्या. अखेर मच्छिंद्र म्हणाला, "एक डबी उरली होती, डाक्टरबाई. इंदुबाई म्हनल्या, भरून टाक."

"अरे, पण फिल्टर साफ करायला कंपनीचा माणूस येतो ना?" पूर्णिमाबाईंनी विचारलं.

"तीनदा आलता. पाटी वाचून माघारी गेला. तुम्हाला फोन बी केलता म्हनं."

पूर्णिमाबाईंना एक नंबर आठवला. ‘मला कर्ज नकोय’ असं दोनदा ठणकावून त्यांनी तो बंद करून टाकला होता. त्या खिडकीपाशी गेल्या आणि टाचा उंचावून पाहिलं. फिल्टरचं झाकण वीतभर सरकलेलं होतं. त्या फटीशी काड्या, पिसं आणि कबुतरांनी मागे ठेवलेलं बाकी सगळं होतं. कबुतरांना पाटी वाचता येत नव्हती.

"हे झाकण कधीपासून असं आहे?"

"दोन म्हैनं झालं की," इंदुबाई म्हणाल्या.

"दोन महिने! मग कोणी मला सांगायचं नाही? निदान ते झाकण सरळ तरी करायचं!"

इंदुबाईंचा आवाज नेहमीसारखाच मऊ होता. "करनार होते, बाई. पर पाटीवर लिवलंय ना, अक्कल लावू नये म्हनून."

पूर्णिमाबाईंनी सगळ्यांसमक्ष हात जोडले. माफी मागताना त्यांचा आवाज अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा खाली आला. ठराव त्यांचाच होता, त्यामुळे तो मागे घ्या असं म्हणायचीही सोय नव्हती. फिल्टरची देखभाल त्याच सभेत इंदुबाईंकडे गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या दाराची बेल वाजली. बाहेर इंदुबाई उभ्या होत्या, हातात झाकलेला तांब्या.

"पन्हं आनलंय. साखर न्हाई घातली, नुसतं मीठ आन् वेलदोडा. त्या दिशी सगळ्यांनी घेतलं, गौरीचं पन्हं तुमच्या पोटात न्हाई गेलं."

पूर्णिमाबाईंनी पेला भरून घेतला. पाणी कुठलं, हा प्रश्न त्यांच्या अगदी ओठांवर आला. तो त्यांनी पन्ह्याबरोबर गिळून टाकला आणि पेला पुन्हा पुढे केला.