बारा प्रतींची बाई

मी चिडले की ही बाई खुर्ची ओढून माझ्यासमोर बसते.

चिडलेल्या बाईसमोरून माणसं उठून जातात, हा माझा आजवरचा अनुभव. आमचे हे तर मी आवाज चढवला की बाल्कनीत जाऊन कढीपत्त्याच्या कुंडीला पाणी घालतात. कुवेतच्या उन्हात तो कढीपत्ता जगलाय तो निव्वळ माझ्या स्वभावावर. पण मिस नूलाची तऱ्हाच उलटी. ती खुर्ची पुढे घेते, मांडीवर वही उघडते, कानामागची पेन्सिल काढते आणि म्हणते, "सिस्टर, थांबू नकोस. भुवया तशाच ठेव."

नूला आयर्लंडची. आमच्या शाळेत ती चित्रकला शिकवायची. मी त्याच शाळेची नर्स, मूळची मिरजेची. आम्ही दोघी बोलायचो इंग्रजीत. तिचं इंग्रजी कळायला मला वर्ष लागलं. माझं तिला पहिल्या दिवशीच कळलं, कारण मी बहुधा ओरडूनच बोलत होते.

पहिल्या दिवशी ती क्लिनिकमध्ये आली तीच मुळी बोट कापून. लिनो नावाच्या रबरासारख्या तुकड्यावर ती कोरणीने चित्र कोरते, त्याला शाई लावते, कागदावर ठसा उठवते, आणि अशा कागदांची सुई-दोऱ्याने शिवलेली चिमुकली कॉमिक्स करते. कोरणी निसटली की बोट. माझ्या रजिस्टरात अख्ख्या तिसरीच्या मिळून नसतील एवढ्या नोंदी तिच्या एकटीच्या आहेत. रक्त कोपरापर्यंत ओघळतंय आणि ही म्हणते काय, तर "ग्रँड!" गाडी टो करून नेली, ग्रँड. फ्लॅटचं पाणी दोन दिवस गेलं, ग्रँड. मला तर त्या शब्दाचाच तिटकारा आला होता.

"तुला राग येत नाही का गं कधी?" मी एकदा पट्टी बांधता बांधता विचारलं.

"आमच्या घरी कुणी रागवायचं नाही," ती म्हणाली. "बाबा घर सोडून गेले त्या दिवशी आईने सगळ्यांना चहा केला."

मी पट्टी जरा जास्तच आवळली.

तिच्या प्रदर्शनांची गोष्ट सांगायलाच हवी. तिच्या कार्डावर छापलेलं असायचं, 'उदयोन्मुख चित्रकार'. वय एक्केचाळीस! आमच्याकडे या वयात बायका गुडघ्यांना तेल चोळायला लागतात, आणि ही अजून उगवतेच आहे. बरं, प्रदर्शन कुठे भरवावं? रुमैथियात तिच्या घराखाली जो बकाला आहे, म्हणजे आपलं किराणा दुकान, तिथे खुबूसच्या, म्हणजे इथल्या रोट्यांच्या, चळतीमागच्या भिंतीवर. एकदा लाँड्रीत, इस्त्रीच्या कपड्यांच्या रांगेत हँगरला चिमटे लावून. मी गेले होते. माणसं स्वतःचा शर्ट शोधता शोधता चित्रं बाजूला सारत होती, आणि ही दारात उभी राहून मोजत होती. "अकरा जणांनी पाहिलं!" असं मला तिने आनंदाने सांगितलं. त्यातल्या दहा जणांना पाहिल्याचं कळलंही नव्हतं.

प्रती मात्र बाराच. बारा छापून झाल्या की लिनोवर ती सुरीने आडवी रेघ ओढते. कोरलेला ठसा कायमचा बाद. माझा जीव तुटायचा. आपल्याकडे लग्नाच्या पत्रिकासुद्धा पन्नास जास्तच्या छापतात! मला तिने पहिलं चित्र दिलं तेव्हा कोपऱ्यात पेन्सिलीने ४/१२ लिहिलेलं होतं. मला वाटलं, बारापैकी चारच मार्क मिळालेत बिचारीला. मी तिची समजूतही घातली. ती इतकी हसली की पट्टी सुटली.

"पण बाराच का?" मी विचारलं.

"कारण एखादी गोष्ट दाखवावी अशी मला एका वेळी बाराच माणसं आठवतात."

मे महिन्यापर्यंत सगळं असं चाललं होतं. मेमध्ये सहा नंबरच्या बसचा एसी बंद पडला.

कुवेतमध्ये मे म्हणजे काय, हे इथे राहिल्याशिवाय कळणार नाही. दुपारी दीडला शाळा सुटते तेव्हा बसच्या दांडीला हात लावला तर चटका बसतो. त्या बसमधून चाळीस पोरं फरवानियापर्यंत जायची. रोज कुणाला उलटी, कुणाला चक्कर. मी ऑफिसात चिठ्ठ्या पाठवत होते, ऑफिसातून 'बुक्रा, इन्शाल्ला' येत होतं. म्हणजे उद्या, देवाची इच्छा असेल तर. तीन आठवडे तो उद्या काही उजाडला नाही. आमचे प्रिन्सिपॉल साहेब बारा महिने लोकरी कोट घालतात, कारण त्यांच्या खोलीतला एसी सोळावर असतो.

मग एके दिवशी दुसरीतली एक मुलगी बस गेटबाहेर पडायच्या आतच बेशुद्ध पडली. ड्रायव्हर गुल खान तिला दोन्ही हातांवर घेऊन धावत माझ्याकडे आला. पोर शुद्धीवर आली, आई येऊन घेऊन गेली, आणि मग मी क्लिनिकचं दार लावून जी सुटले!

"याला, मेल्याला, त्या कोटासकट सहा नंबरच्या बसमध्ये बसवा! खिडक्या लावा! आणि दीड वाजता फिरवून आणा फरवानियापर्यंत! जिवंत परत आला तर सलाइन मी लावते!" अर्धं इंग्रजीत, अर्धं मराठीत, आणि दार मात्र लावून. हे लक्षात ठेवा. त्या बंद दाराबद्दल मला पुढे बोलायचंय.

नूला अर्थातच खुर्ची ओढून बसली होती. "ते मे... मे... काय म्हणालीस? लिहून दे."

रागात माणूस काय वाटेल ते करतं. मी प्रिस्क्रिप्शनच्या कागदावर झोकात लिहून दिलं, 'मेल्या'.

पंधरा दिवसांनी तिने माझ्या टेबलावर एक पाकीट ठेवलं. आत कॉमिक. पहिल्याच पानावर मी! तीच वेणी, तोच चष्मा, भुवया टाळूपर्यंत. पुढच्या पानावर कोट घातलेले साहेब, बर्फाच्या गुहेत बसलेले. तिसऱ्यावर बस, खिडक्यांना चिकटलेले चिमुकले चेहरे. प्रत्येक पानाखाली माझीच वाक्यं, इंग्रजीत. आणि शेवटच्या पानभर माझं उघडं तोंड, त्यातून बाहेर पडणारा शब्द, देवनागरीत, ठसठशीत. ठशावर अक्षरं उलटी कोरावी लागतात. मात्रासुद्धा चुकली नव्हती.

शाळेत मराठी मी एकटी. ह्यांचं अहमदीतल्या नोकरीचं काँट्रॅक्ट जानेवारीत संपलेलं, नवीन मिळालेलं नव्हतं. मुलगी बारावीत. घर माझ्या एकटीच्या नोकरीवर आणि त्या नोकरीच्या अकाम्यावर, म्हणजे इथे राहण्याच्या परवान्यावर, उभं होतं, आणि ही बाई माझं तोंड वाटत सुटली होती.

मी जे ओरडले त्याचा इथे उतारा देत नाही. "तुला काय अधिकार? माझा राग तुझ्या बापाचा आहे का?" इथवर मी गेले. नूला ऐकत होती. त्या दिवशी तिने वही उघडली नाही, एवढं मला आठवतं.

"कुणाकुणाला दिल्यास? नावं सांग!"

तिने अकरा नावं सांगितली. बारावं सांगायच्या आत घंटा झाली आणि ती वर्गावर गेली. मी प्रती गोळा करायला निघाले.

सफाईवाल्या रशीदाने तिची प्रत पासपोर्टच्या झेरॉक्सबरोबर प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवली होती. ती बांगलादेशची, वाचता येत नाही. "आपा, ये नहीं देगी," ती म्हणाली. "इसमें आप कितना अच्छा चिल्लाता है." गुल खानने तर आपली प्रत बसमध्येच, स्टिअरिंगच्या वर चिकटवलेली. मी हात घातला तर तो मध्ये आला. "सिस्टर, पाँच हफ्ते से मैं ऑफिस में यही बोल रहा हूँ. मेरी किसी ने नहीं सुनी. ये यहीं रहेगा." मी त्यालाही झापलं. त्याने मान खाली घालून ऐकून घेतलं, पण प्रत काही दिली नाही.

दुपारपर्यंत माझ्या हाती आल्या चार. तणतणत मी चित्रकलेच्या वर्गात गेले. "आणि बारावी कुणाकडे आहे?"

"साहेबांकडे," नूला ब्रश धूत म्हणाली. "काल त्यांच्या ट्रेमध्ये ठेवली. त्यांना नको का दाखवायला? त्यांच्याविषयीच तर आहे."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी दोघींना बोलावलं. त्या थंड खोलीत माझे दात वाजत होते, आणि सगळा दोष एसीचा नव्हता. कॉमिक टेबलावर पडलं होतं.

"ही नर्स कोण?" साहेबांनी विचारलं.

"कुणी नाही. मी कल्पनेने काढली," नूला शांतपणे म्हणाली. "वाक्यंही माझीच."

"आणि ही अक्षरं?"

"नक्षी आहे, सर. फरवानियात एका पाटीवर पाहिली होती."

साहेब माझ्याकडे वळले. "सिस्टर, ही तुमची लिपी ना?"

आता बोलायचं होतं. क्लिनिकमध्ये दार लावून ओरडणारी मी, नवऱ्याला बाल्कनीत पिटाळणारी मी. मी म्हणाले, "सर, या लिपीत अर्धा हिंदुस्थान लिहितो."

एवढंच म्हणाले. नूलाने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. मला त्या क्षणी तिचा राग आला, साहेबांचा आला, पण सगळ्यात जास्त स्वतःच्या जिभेचा आला. घरी ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "बरं केलंस. आपल्याला काय करायचंय?" त्या दिवशी कढीपत्त्याला दोनदा पाणी मिळालं.

गुल खानच्या बसमधली प्रत एका मुलाच्या आईने पाहिली, फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. चौथ्या दिवशी एसी दुरुस्त झाला. आठव्या दिवशी नूलाला पत्र मिळालं की पुढच्या वर्षीचं तिचं काँट्रॅक्ट होणार नाही. तिने ते पत्र मला दाखवलं आणि पुन्हा तेच म्हणाली, 'ग्रँड'. मी पत्र तिच्या अंगावर फेकलं.

शुक्रवारी सकाळी मी तिच्या फ्लॅटवर गेले. पिठलं-भाकरी घेऊन गेले होते. खोक्यांमध्ये ती एकटीच निरोपाचं नवं कॉमिक शिवत बसलेली. सगळीकडे पाकिटं, नीट नावं घातलेली. मी नावं वाचत गेले. बकालावाला, लाँड्रीवाला, रशीदा, गुल खान, इमारतीचा हारिस म्हणजे रखवालदार, मी. सगळी इथलीच.

"तुझ्या घरचं कुणीच नाही यात?" मी विचारलं.

"आधी पहिली प्रत आईलाच पाठवायचे," ती म्हणाली. "सोळा वर्षं पाठवली. ती फोनवर म्हणायची, मिळालं हं, छान आहे. भावाला पाठवायचे, तोही म्हणायचा, छान आहे. मागच्या वर्षी मी घरी गेले होते. सगळी पाकिटं खणात होती. उघडलेली नव्हती, सिस्टर. एकही." तिने दोरा दाताने तोडला. "त्या दिवशी तू माझं पुस्तक हातात घेऊन थरथरत होतीस. तुझा आवाज कॉरिडॉरभर गेला. माझ्या कामावर आजवर कुणी ओरडलं नव्हतं. मी वर्गात गेले आणि मुलांना म्हटलं, आज तुम्हीच काढा काहीतरी. मला उभं राहवत नव्हतं."

मला गोड बोलता येत नाही, कधीच आलं नाही. म्हणून मी ओरडायला लागले. तिच्या आईवर ओरडले, भावावर ओरडले. तिसऱ्या पानावर बसची चाकं वाकडी आहेत, घाई केलीस, असं सुनावलं. माझं नाक एवढं मोठं नाही, सांगितलं. मुलांचे चेहरे बघून मला रडू आलं होतं आणि तेव्हा रागाच्या भरात ते तुला सांगितलं नाही, हेही ओरडूनच सांगितलं. शेवटी साहेबांच्या खोलीत मी शेपूट घातली आणि तुझी नोकरी घालवली, इथवर येऊन मी थांबले.

नूलाचे डोळे भरले होते. हातात पेन्सिल नव्हती. ती म्हणाली, "अजून आहे का?"

"आहे," मी म्हणाले, "पण ते तुझ्यासाठी नाही."

आम्ही भाकरी खाल्ली. घरी आल्यावर ह्यांना सांगितलं की रविवारी कदाचित माझी नोकरी जाईल. हे उठून बाल्कनीकडे निघाले, दारापर्यंत जाऊन थांबले, परत येऊन माझ्याजवळ बसले.

रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, सव्वासातला, शाळा भरायच्या आधी, मी साहेबांच्या खोलीत गेले. त्यांनी समोरच्या खुर्चीकडे बोट केलं. मी बसले नाही. दार सताड उघडं ठेवलं, बाहेर रशीदा फरशी पुसत होती, तिला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "सर, त्या पुस्तकातले शब्द माझे आहेत."