पाच मिनिटांचा सण

रुझित्साला आयुष्यात पहिल्यांदाच अख्खा दिवस एकटीचा मिळाला होता, आणि त्यातली पाच मिनिटं सासूबाईंनी बस सुटायच्या आतच पळवली.

"बेलग्रेडला चाललीच आहेस, तर आमच्या राडोयकाकडे डोकावून ये," त्यांनी वाइनची बाटली तिच्या पिशवीत कोंबली. "आज आर्कांजेल देवदूताचा दिवस, तिच्या घराण्याचा सण. तू गावात असून गेली नाहीस, तर मी तोंड कुठे लपवू?"

नवरा गोरान धाकटीला कडेवर घेऊन उभा होता. "पण दिवसभर एकटी करणार काय तू?"

"बघणार."

"काय?"

"समोर येईल ते. मध्येच कुणी 'आई, शू' न म्हणता."

सकाळ झकास गेली. सेंट सावाच्या देवळातलं सोनेरी छत तिनं मान अवघडेपर्यंत बघितलं. क्नेझ मिहाइलोवा रस्त्यावर कॉफी घेतली आणि ती गरम असतानाच संपवली. ही चैन बाळंतपणानंतर पहिलीच. पण खरी हौस पुढेच होती. कालेमेगदान किल्ल्याच्या तटावर एकटीनं उभं राहायचं आणि दोन नद्यांच्या संगमापलीकडे सूर्य बुडताना बघायचा. नोव्हेंबरातला सूर्य, चारच्या सुमाराला गाशा गुंडाळणारा. म्हणून दुपारीच तिनं राडोयकामावशींचं घर गाठलं.

उतारावरच्या त्या इमारतीला दोन दारं आहेत, हे मात्र सासूबाईंनी सांगितलं नव्हतं.

तिसऱ्या मजल्यावर दार सताड उघडं होतं. आत मेणबत्ती, भाजलेल्या डुकराचा घमघमाट, माणसांचा गलबला. एक गुबगुबीत बाई सणाच्या शिजवलेल्या गोड गव्हाची वाटी घेऊन पुढे आली. राडोयकामावशींना रुझित्सानं लग्नात एकदाच पाहिलं होतं; तेव्हाही त्या गुबगुबीतच होत्या. तिनं छातीवर क्रुसाची खूण केली, चमचाभर गहू तोंडात टाकला आणि बाटली देऊन म्हणाली, "सण सुखाचा होवो!"

"ये गं पोरी, बैस!"

सणाला कुणी कुणाला बोलावत नसतं, आणि आलेल्याला 'तू कोण' म्हणून विचारणं म्हणजे घराण्याचं नाक कापून घेणं. तेव्हा कुणी विचारलं नाही.

"पाचच मिनिटं हं," रुझित्सा म्हणाली.

"पाच मिनिटांत सूपसुद्धा गार होत नाही!" शेजारी बसलेले भरघोस मिशांचे ल्युबिशाकाका गरजले. "कोसारा, हिला सारमा वाढ! अगं, खिमा गुंडाळायची कोबीची पानं घरातच मुरवलेली आहेत. अजून एक घे. एका पायावर घरी जाणार का?"

दुसऱ्या पायासाठी दुसरा सारमा आला. तिसरा कशासाठी, ते कुणी सांगितलं नाही. तो तोंडात असतानाच सासूबाईंचा फोन आला.

"पोचलीस का? एक सांगायचं राहिलं. राडोयकाकडे गहू मागू नकोस बाई. ती म्हणते, आर्कांजेल जिवंत आहे, मेलेल्यांच्या नावानं शिजवतात तो गहू त्याला कशाला!"

सारमा घशातच थबकला. या बाईला काका कोसारा म्हणाले होते. आणि दाराशी तिनं गहू खाल्ला होता.

ती तडक उठली. कोसाराबाईंनी अर्धा अक्रोडाचा केक पिशवीत घातल्याशिवाय काही सोडलं नाही. "पुढच्या वर्षी पोरांना घेऊन ये!"

खाली उतरून दुसऱ्या दारानं पुन्हा तिसरा मजला. पुन्हा उघडं दार, पुन्हा घमघमाट; आर्कांजेल दोन्ही घरांचा. हातात बाटली नव्हती, म्हणून तिनं केकच पुढे केला. खऱ्या राडोयकामावशींनी घास घेतला आणि डोळे बारीक केले.

"असा केक पलीकडच्या दाराची कोसारा करते. सात जन्मांत बोलणार नाही मी तिच्याशी. कुठून आणलास गं?"

तेवढ्यात दारात धापा टाकत उभे राहिले ते ल्युबिशाकाका.

"इतका उशीर, भावजी?" मावशी कडाडल्या.

"ट्राम बंद पडली." काकांची नजर रुझित्सावर गेली, मग केकवर. मिशा खाली आल्या. "हा... हा तर बाजारच्या बेकरीतला! आजकाल सगळीकडे असाच मिळतो."

मावशींचं समाधान झालं आणि दोघांपुढे ताटं आली. सूप, सारमा, डुक्कर. खिडकीतला उजेड पिवळा होत चालला. रुझित्सानं काकांकडे असं पाहिलं, की दगडाला दया यावी.

"हिची बस चुकेल," काका उठले. "मी सोडतो."

जिन्यात तिनं त्यांना सूर्यास्ताचं सांगितलं, आणि तटावर पोचेपर्यंत दोघांनाही श्वास घेणं जड झालं होतं. सूर्य पाण्याला टेकतच होता.

"एकटीनं बघायचा होता," ती पुटपुटली.

"बघ की!" म्हणत काका सूर्याकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून उभे राहिले, शाळेत शिक्षा झाल्यासारखे.

पाणी लालबुंद झालं. त्या लालीतून एक होडी सरकत आली आणि रुझित्साचं बोट आपोआप उठलं. "बघ बघ, होडी!" बोटाखाली बघणारं एकही पोर नव्हतं.

"बघू का?" भिंतीकडून आवाज आला.

"बघा."

सूर्य गेल्यावर तिनं विचारलं, "काका, तुम्हीही दार चुकलात ना?"

"पहिल्या वर्षी चुकलो," काकांनी हळूच पट्टा सैल केला. "त्यानंतर दरवर्षी आठवणीनं चुकतो. राडोयकाचा सारमा खाल्लास ना आत्ता?"

परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्या रुझित्सानं सासूबाईंना फोन केला. "आई, पुढच्या वर्षी बाटल्या दोन लागतील."